दारातल्या पीटीबाई

पीटीबाईंना मी बसलेलं फारसं पाहिलं नाही आणि आडवं झालेलं तर कधीच नाही. त्या उभ्या असायच्या, तेही बहुतेक दारात. पाठ आतल्या बाजूला, तोंड बाहेर, हात मागे बांधलेले. गळ्यात काळ्या दोऱ्याला शिट्टी, अंगावर कडक इस्त्रीचं सुती पातळ आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. या बुटांना त्या दर रविवारी खडू लावायच्या. शाळेतून निवृत्त होताना खडूची दोन खोकी बरोबर आणली होती, असं त्या उघडपणे सांगत.

पगारपत्रकावर त्यांचं नाव कुसुम मोहोड असं होतं. पण दर्यापूरच्या मुलींच्या शाळेत उमेदीची सगळी वर्षं खेळ शिकवण्यात गेली, तिथल्या पोरींनी त्यांना पीटीबाई केलं आणि तेच नाव त्यांच्यामागून अमरावतीला आमच्या कारखान्यात आलं. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मैदानातून बाहेर निघाले वेळच नाही भेटला." याच्या पुढे कुणी काही विचारत नसे.

आमचा कारखाना शर्ट शिवण्याचा. एमआयडीसीत लांबलचक पत्र्याची शेड, आत यंत्रांच्या रांगा आणि रांगांवर शेकडो बायका. बडनेऱ्याहून, दर्यापूर रोडवरच्या गावांहून, वडाळीहून येणाऱ्या. मी तिथे वेल्फेअर ऑफिसर. म्हणजे बायकांना काय हवं ते साहेबांना सांगायचं आणि साहेब नाही म्हणाले की ते बायकांना गोड शब्दांत सांगायचं. त्या वर्षी मोठी ऑर्डर देणाऱ्या परदेशी कंपनीने अट घातली की महिला कामगारांच्या आरोग्यासाठी आणि घर व काम यांच्या समतोलासाठी काहीतरी उपक्रम असलाच पाहिजे. काहीतरी म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फोटो मात्र हवे होते. साहेब म्हणाले, व्यायाम ठेवा. अमरावतीत व्यायाम शिकवणाऱ्यांना काय तोटा.

अशा पीटीबाई आल्या. मुलाखतीला खुर्चीवर बसायला सांगितलं तर म्हणाल्या, "उभीच बरी हाय मी." मग साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब, पोट आत घ्या." साहेबांनी घेतलं. मुलाखत तिथेच संपली.

त्या कुणाला नावाने हाक मारत नसत. माणूस दिसला की त्यांना आधी त्याचं दुखणारं अंग दिसायचं आणि तेच त्याचं नाव व्हायचं. कॉलर शिवणारी 'मान', इस्त्रीवरची 'टाचा', बटणवाली 'डोळे'. माझं बाळंतपण होऊन वर्ष झालं होतं आणि कंबर काही धड होत नव्हती, म्हणून मी 'कंबर'. साहेबांसमोरसुद्धा हाक मारायच्या, "कंबर, इकडे ये." पातळाच्या आत शिवलेल्या चोरखिशात फुटाणे आणि गुळाचा खडा असायचा. चेहरा उतरलेला दिसला की त्या बाईच्या तळहातावर दोन फुटाणे ठेवायच्या आणि ती खाईपर्यंत हलायच्या नाहीत. बायका दिवसभर पाणी पीत नसत, कारण पाणी प्यायलं की जावं लागतं आणि जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं. पीटीबाई रांगेतून चालताना खणखणीत आवाजात विचारायच्या, "पाणी पेली का? लघवीले जाऊन आली का?" कटिंग मास्तर कानापर्यंत लाल व्हायचा. महिन्याभरात सुपरवायझरने विचारायची पद्धतच बंद केली. रोज भर शेडमध्ये हे ऐकण्यापेक्षा ते बरं, असं त्याला वाटलं असावं.

व्यायामासाठी कापडाचं एक रिकामं गोदाम मिळालं होतं. एका वेळी एक रांग आत यायची, वीस मिनिटं व्यायाम करायची आणि परत कामावर. पहिल्या दिवशी मान डावीकडे, मान उजवीकडे झालं. हात वर झाले. मग बाई म्हणाल्या, "आता पाठीवर झोपा. गुडघे पोटाशी घ्या."

कुणी झोपलं नाही. बायका चटयांवर पदर सावरून बसून राहिल्या. बाईंनी पुन्हा सांगितलं, मग शिट्टी वाजवली. तरी नाही.

"काऊन? चटया टोचतात का?"

शेवटी मागून सुनीता बोलली. कॉलरवरची, म्हणजे बाईंची 'मान'. बडनेऱ्याची. अंगाने काडी आणि जिभेने सुई.

"बाई, दिवसाढवळ्या कसं निजाव? कोणी पायलं त?"

"मंग रात्री झोपता ना?"

"रात्री झोपतो म्हणजे काय, पडतो. नळ आला का उठतो."

बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. खिडक्यांकडे पाहिलं, तिथून कटिंगवाले पुरुष दिसत होते. मग त्यांनी बायकांकडे पाहिलं आणि त्या दिवशीचा व्यायाम तिथेच थांबवला.

हे आमच्याकडे न सांगता कळणारं आहे. घरातली बाई दिवसा आडवी होते ती तापात नाहीतर बाळंतपणात. एरवी जरा पाठ टेकली आणि पावलांचा आवाज आला की ती उठून बसते. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, स्वतःच्या पगारावर घर बांधलेली बाई. तीही दुपारी फाटकाची कडी वाजली की ताडकन उठायची आणि हातात निवडायची डाळ घ्यायची. बाबा आत येईपर्यंत तिने चार खडे काढलेलेही असायचे.

दुसऱ्या दिवशी पीटीबाई जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. खिडक्या झाकल्या. दाराशी आल्यावर अडचण कळली. गोदामच ते, त्याला कडी होती ती बाहेरून. आतून काहीच नव्हतं. बाईंनी बायकांना आत घेतलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आत ओरडून सांगितलं, "मी हाव इथं. देव आला तरी आत येत नाही. पाठ टेकवा."

वेळ झाली तशी शिट्टी वाजवली. आतून हूं की चूं नाही. पुन्हा वाजवली. मग दार उघडून डोकावल्या, त्यांच्या मागून मीही डोकावले. सगळी रांग झोपली होती. कुणाच्या गळ्यात मोजपट्टी तशीच, कुणाचं तोंड उघडं, सुनीताचा हात डोळ्यांवर आडवा. पंखासुद्धा नव्हता, तरी अशी झोप. बाईंनी दार पुन्हा ओढून घेतलं.

मी विचारलं, "बाई, पुढचा व्यायाम?"

"हाच व्यायाम," त्या म्हणाल्या. "यांले हातपाय हालवाले शिकवाले आली मी. पागलच हाव."

तेव्हापासून आमच्या कारखान्यात आरोग्याचा उपक्रम म्हणजे एवढाच. एक रांग येई, पडे, उठे, दुसरी येई. आणि दुपारभर पीटीबाई दारात. मी अहवालात 'शिथिलीकरण आणि श्वसन' असं लिहायची. खोटं नव्हतं, श्वास तर सगळ्याच घेत होत्या. सुई बोटात जाणं कमी झालं, असं आमची प्रथमोपचाराची नर्स सांगू लागली. बाईंनी माझ्याकडे एकच मागणी लावून धरली होती, आतून कडी. "एक कडी लावून द्या कंबर, मंग माही बी गरज नाही." मी तीनदा मागितली. गोदामाला आतून कडी चालत नाही, असं तीनदा उत्तर आलं.

एकदा मुंबईच्या मुख्य कचेरीतून एक साहेब उपक्रम पाहायला आले. एप्रिलचं ऊन, साहेबांच्या अंगात कोट. बाई दारात.

"आत जायचंय," साहेब म्हणाले.

"आत बायका हायेत."

"हो, तेच तर बघायला आलोय."

"बायका पाहाले आले?" बाईंनी असं विचारलं की कटिंग मास्तर कात्री सोडून वळला. साहेब गोंधळले. मी मध्ये पडून ओळख करून दिली, पद सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि शांतपणे म्हणाल्या, "मोठे हायेत त सावलीत उभे राहा. अजून वेळ व्हाचा हाय." आणि अमरावतीच्या त्या उन्हात, भिंतीच्या वीतभर सावलीला पाठ लावून मुख्य कचेरीचे साहेब उभे राहिले. शिट्टी वाजल्यावर बायका डोळे चोळत बाहेर आल्या. साहेबांनी रिकामं गोदाम पाहिलं, चटयांचे फोटो काढले आणि गेले.

सगळं असंच सुरळीत चाललं असतं, पण सुनीताने आत जाऊन बसायला सुरुवात केली. रांग आडवी व्हायची आणि ही भिंतीला टेकून डोळे टक्क उघडे ठेवून बसायची. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मले नका निजवू बाई. तुमचं निजणं माह्या अंगावर आलं."

झालं होतं ते असं. बडनेऱ्यात नळावर कुणीतरी सुनीताच्या सासूला म्हणालं, तुझी सून तर कंपनीत झोपून येते. सासूने हिशेब केला तो सरळ होता. झोपून येते तर थकते कशाने? लग्नसराईचे दिवस, सासूने पापडांची ऑर्डर घेतली आणि कामावरून आलेल्या सुनेपुढे पोळपाट ठेवला. आणखी दोन-तीन घरांत तेच झालं. कारखान्याने दिलेली विश्रांती घराने आपल्या खात्यात जमा करून घेतली. अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मला कळेना. सुनीता घरी आण घेऊन सांगायची की मी नाही झोपत, बसून राहते. आणि आण खोटी पडू नये म्हणून खरोखरच बसून राहायची.

रविवारी बाई मला घेऊन बडनेऱ्याला निघाल्या. ऑटोत त्या पुढे ड्रायव्हरशेजारी, कारण मागे बसलं की मणका हलतो. सुनीताचं घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. सासू पडवीत पापडाचं पीठ कुटत होती. गुडघे सुजलेले, कपाळावर घाम. आम्हाला पाहून म्हणाली, "कंपनीच्या का? बसा."

मी बसले. बाई उभ्याच. मला वाटलं आता भाषण होणार, स्त्रीचं आरोग्य वगैरे. बाईंनी विचारलं ते वेगळंच.

"आई, तुमी दिवसा कवा आडव्या झाल्या होत्या?"

"मी? मी कायले होऊ?" सासूचा मुसळावरचा हात थांबला. "बायतपणात झाली असन. लय वर्षं झाले."

बाई पडवीच्या खांबाला धरून बोलू लागल्या. त्यांनी स्वतःबद्दल असं सांगितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"माहे मायबाप लवकर गेले. मले वहिनीनं वाढवलं. मी खेळाले जावो म्हणून माह्या वाट्याचं काम वहिनी करे. वावरातलं वेगळं, घरचं वेगळं. तिले दिवसा आडवी मी येकदाच पायली. शाळेतून आली त मांगच्या छपरीत बाजेवर होती, तोंडावर पदर घेऊन. मले इतकं बरं वाटलं. म्हटलं, निजली बाई येकदाची. लहान लेकरू पाळण्यात होतं, त्याले उचलून घेतलं, कुरकुर नोको कराले म्हणून. आन दारात बसली. शेजारीण आली, तिले वापस धाडलं. भाऊ वावरातून आला, त्यालेबी दारातूनच म्हटलं, आवाज नोको करू, वहिनी झोपली हाय. तो बी बिचारा ओट्यावर बसून राह्यला." बाई थांबल्या. "दिवाबत्तीची वेळ झाली तवा उठवाले गेली."

सुनीता आतल्या दारात उभी होती, तिने पदर तोंडाशी धरला. मी खाली पापडांच्या लाट्यांकडे पाहत बसले.

"मले काही सांगाचं नाही आई," बाई म्हणाल्या. "तुमी फक्त येकडाव पाठ टेकवा. मी दारात उभी राहतो. कोणी येत नाही."

सासू नको नको म्हणत राहिली, पण बाईंच्या आवाजापुढे ते टिकणारं नव्हतं. शेवटी सुनीताने बाजेवर गोधडी टाकली आणि म्हातारी आडवी झाली. बाई दारात उभ्या राहिल्या. सासरा आला, त्याला थांबवलं. नवरा आला, त्यालाही. दोघे आपल्याच घराबाहेर चपला घालून उभे. म्हातारी झोपली नाही. वर पाहत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सुनीता, आढ्याले किती जाळे लागले वं. कधी दिसलेच नाही." आणि कुशीवर वळून रडायला लागली.

त्यानंतर सासू बदलली वगैरे काही नाही. ती ऑर्डर तिने पुरी करून घेतलीच. पण पुढची घेतली नाही, आणि त्या दिवशी आम्ही निघताना सुनीताला म्हणाली, "निजत जाय, पण नळावर सांगू नोको."

एवढ्यावर हे संपलं असतं तर मला आवडलं असतं. पण साहेब बदलले. नवे साहेब तरुण, हसतमुख, इंग्रजी चांगलं. त्यांना गोदामात नव्या यंत्रांच्या दोन रांगा बसवायच्या होत्या. उपक्रम बंद करायचा नव्हता, त्याला वेगळं रूप द्यायचं होतं. महिन्यातून एकदा व्याख्यान. पहिल्याच व्याख्यानाला पुण्याहून एक बाई आल्या. काम आणि घर यांचा समतोल कसा राखावा, हे त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. पहाटे घरातले उठायच्या आत अर्धा तास फक्त स्वतःसाठी काढा, असं म्हणाल्या. बायकांत खसखस पिकली. पीटीबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी वर्गात मुली करतात तसा हात वर केला.

"मॅडम, त्या टायमाले नळ येते. थो कोण भरन?"

व्याख्यानवाल्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, छान प्रश्न आहे. आणि पडद्यावर पुढचं चित्र आलं.

गोदाम गेलं. पीटीबाईंनी काही दिवस जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागे, कुंपणाशी असलेल्या बाभळीखाली जागा केली. दोन बांबूंना साड्या बांधल्या आणि त्या पडद्याबाहेर उभ्या राहिल्या. वारा आला की साड्या उडायच्या आणि बायका दचकून उठून बसायच्या. वॉचमन हसायचे. मग सुट्टीत शेडबाहेर जाऊ नये, असा फलक लागला. सुनीताने विचारलं, "बाई, आता?" बाईंनी चोरखिशातले फुटाणे तिच्या हातावर ठेवले. एवढं हतबल त्यांना मी पाहिलं नव्हतं. मी साहेबांकडे दोनदा गेले, भांडले म्हणावं इतकं बोलले. ते प्रत्येक वेळी माझं म्हणणं अगदी बरोबर आहे असं म्हणाले.

मग बाईंची आता गरज नाही असं ठरलं. त्यांच्या निरोपाला शाल-श्रीफळ झालं. दोन शब्द बोला म्हटल्यावर पीटीबाई माइकपाशी आल्या, माइक बाजूला सारला आणि म्हणाल्या, "शाल चांगली हाय साहेब. पण येक खोली द्या याइले. आन तिले आतून कडी." आणि खाली उतरल्या. टाळ्या झाल्या. साहेबांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या, याचा मला अजून राग येतो.

दिवाळीनंतर कळलं की बाईंना त्यांच्या भाड्याच्या खोलीत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. अकोल्याहून पुतण्या आला आणि घेऊन गेला. पाळण्यातून उचलून घेतलेलं ते लहान लेकरू म्हणजे हा पुतण्या. वहिनीमागे बाईंनीच त्याला वाढवलं होतं. त्याची बायको अश्विनी खासगी दवाखान्यात नर्स, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी.

हिवाळा सरता सरता एका रविवारी मी आणि सुनीता अकोल्याला गेलो. वरूडची संत्री घेतली होती. बाईंना सोलून खायला घालायची, असं सुनीताने गाडीतच ठरवलं होतं. स्टँडवरून ऑटो केला, घर सापडलं. दुपारची वेळ, गल्लीत सामसूम. लहानसं घर, पुढे ओटा, आणि दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून पीटीबाई बसलेल्या. आडवी काठी मांडीवर. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. पायांत मात्र ते बूट, पांढरे स्वच्छ. मी त्यांना असं नीट बसलेलं प्रथमच पाहिलं.

सुनीता "बाई" म्हणून पुढे धावली. बाईंनी डावा हात उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं.

आम्ही फाटकाशीच थांबलो. त्यांनी आम्हाला ओळखलं होतं, यात शंका नाही. डोळे भरून आले होते. पण बोट हलेना. मग त्याच हाताने ओट्याची पायरी दाखवली, तिथे बसा. आम्ही बसलो. खुर्चीमागे दार अर्धं उघडं होतं आणि आत जमिनीवर चटई टाकून एक बाई झोपली होती. अंगावर दवाखान्याचा पांढरा गणवेश तसाच, केसांतली पिनसुद्धा काढलेली नव्हती.

"ड्यूटी," बाई कुजबुजल्या. शब्द तोंडातून ओढून काढावा लागला. "रातची."

आम्ही तिघी तशाच बसलो. सुनीताने संत्रं सोललं, एकेक फोड बाईंच्या तोंडात घातली. बी काढून. रस हनुवटीवर ओघळला, तो तिने पदराने पुसला. बाई मध्येच डाव्या हाताने गळ्यातली शिट्टी चाचपत. मला वाटलं वेळ झाली, आता वाजवतील. पण त्यांनी आत पाहिलं, नकारार्थी मान हलवली आणि शिट्टी सोडून दिली. असं दोन-तीनदा झालं. आमच्या परतीच्या गाडीची वेळ झाली तरी अश्विनी झोपलेलीच होती. आम्ही निघालो. एवढ्या लांब येऊन चार वाक्यं बोलणं नाही. मी पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर कमरेपाशी हात ठेवला आणि विचारल्यासारखं पाहिलं. मी म्हटलं, "बरी आहे बाई आता." गल्लीच्या वळणावरून मागे पाहिलं तर फाटकाशी दूधवाला आला होता आणि बाईंचं बोट ओठांवर होतं.

होळीनंतर बातमी आली. पुतण्याने फोन केला तेव्हा सगळं उरकलं होतं. मी आणि सुनीता पुन्हा त्याच गाडीने गेलो, त्याच ओट्यावर बसलो. खुर्ची अजून दारातच होती. कुणाला ती उचलवली नव्हती आणि कुणी तिच्यावर बसतही नव्हतं.

अश्विनी आतून आली. डोळे सुजलेले, चेहरा काळवंडलेला.

"रात्रपाळी करून आली होती मी," ती सांगू लागली. "आत्याबाईंनी मले आडवी पाडली आन सोता दारात बसल्या. रोजच्यावानी. मी लय झोपली ताई. इतकी कधी झोपली नाही. शिट्टी वाजली नाही, कोणी आवाज देल्ला नाही. उठली त संध्याकाळ होती." तिने खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाली, "दूधवाला येऊन गेला होता. थो म्हणते, आजीची मान खाली होती, मले वाटलं बिचाऱ्या आजीले डोळा लागला. झोपमोड नोको म्हणून थो आवाज न करता वापस गेला. शेजारच्या काकू बी तशाच गेल्या. मी नर्स हाव ताई. आन माह्यापासून चार हातावर..."

मी तिचा हात धरला. बडनेऱ्याच्या पडवीतलं सगळं मला आठवत होतं, आणि ते सुनीतालाही आठवत असणार. पण आम्ही दोघींनी अश्विनीला त्यातलं काही सांगितलं नाही.

"तवापासून दिवसा डोळा मिटतच नाही," अश्विनी म्हणाली. "आजबी ड्यूटीवरूनच आली. पडली का वाटते, दारात कोणी नाही."

सुनीता उठून आत गेली. कोपऱ्यातली चटई घेतली, जमिनीवर पसरली, हाताने सारखी केली.

"या इकडं," ती म्हणाली. "पाठ टेकवा."

"नाही वं ताई."

"मी हाव ना दारात. देव आला तरी आत येत नाही."

अश्विनी कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग आत जाऊन चटईवर बसली, आणि मग हळूहळू आडवी झाली. सुनीताने खुर्चीला हात लावला नाही. तिच्या शेजारी चौकटीत जाऊन उभी राहिली. पाठ आतल्या बाजूला, तोंड बाहेर, हात मागे बांधलेले. थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. दूधवाला होता. सुनीताने ओठांवर बोट ठेवलं.